बोटीवरील शौचालयाचा वास आणि जलाशयाचे पाणी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात आम्ही कुटुंबातील दहा जण पुण्यापासून तीन-साडेतीन तासांच्या अंतरावरील एका जलाशयात मुक्कामाच्या हाउसबोटीवर एक रात्र राहिलो होतो. बोट नीटनेटकी होती, पिठले-भाकरीचे जेवण उत्तम होते आणि बोटीवरची मुलेही अदबीने वागणारी होती. परंतु रात्री अकराच्या सुमारास खालच्या खोल्यांमध्ये कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला, तो वाढत गेला, आणि बाराच्या पुढे आम्ही सगळे सतरंज्या घेऊन वरच्या डेकवर झोपायला गेलो. बोटीवरचा मुलगा दोनदा येऊन शौचालयात डांबराच्या गोळ्यांची पुडी टांगून गेला, उदबत्ती लावून गेला, शेवटी त्याने भांड्यात अर्धी बाटली फिनेल ओतले. पहाटे उजाडण्यापूर्वी मी मागच्या बाजूला एकटाच बसलो असताना तोच मुलगा आला, त्याने फळीखालची एक तांबडी मूठ आडवी केली, आणि आरशासारख्या स्थिर पाण्यावर एक तपकिरी पट्टा हळूहळू पसरत गेला. तेथून हाकेच्या अंतरावर काठच्या गावाच्या नळपाणी योजनेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची विहीर, होती. मी विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘काका, टाकी भरली की वास सहन होत नाही, आणि इथे उपसायला गाडी कुठे येते?’’

हे उत्तर दोन्ही अंगांनी खरे होते, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. त्या जलाशयाचे वा बोटीच्या चालकाचे नाव मी येथे देत नाही, कारण दोष एका बोटीचा नाही. माझी एकतीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून गेली आणि तेथील मैलापाणी शुद्धीकरणाची यंत्रणा बराच काळ माझ्याच देखरेखीखाली असे. निवृत्तीनंतर कोथरूडला स्थायिक झालो आणि गेली नऊ वर्षे दोन मित्रांसह रायगड जिल्ह्यातील एका खाडीत अठ्ठावीस फुटी जुनी शिडाची बोट सांभाळतो आहे. या अनुभवावरून मला खात्रीने सांगावेसे वाटते की बोटीवरची दुर्गंधी आणि पाण्यात मैला सोडणे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्या बोटीच्या मैला साठवणाऱ्या टाकीला वास येत नाही, ती धक्क्यापर्यंत नेण्याआधीच रिकामी करण्याची घाई कोणाला होत नाही. ज्या टाकीचा वास सहन होत नाही, ती पहिल्या एकांताच्या क्षणी पाण्यातच रिकामी होते.

वास येतो तो घाण साठल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. टाकीतल्या मैल्याला पुरेसा प्राणवायू मिळत असेल तर त्याचे विघटन करणारे जिवाणू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार करतात, आणि या दोहोंना वास नसतो. हवा कोंडली की हे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे दुसरे जिवाणू वरचढ होतात. त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांचा तो वायू, आणि इतर दुर्गंधीयुक्त वायू निर्माण होतात. समुद्रात ही अडचण अधिक तीव्र असते, कारण खाऱ्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते आणि त्याच सल्फेटपासून हे जिवाणू सल्फाइड बनवतात. गोड्या पाण्यावरच्या बोटीला ही सबब नाही. तेथे इतका वास येत असेल तर बहुधा टाकीचा श्वास बंद असतो.

श्वास घेण्यासाठी टाकीला हवेची नळी असते, तिला आम्ही व्हेंट म्हणतो. बोटीबरोबर सहसा १६ मिलिमीटरची बारीक नळी बसवून येते आणि ती कपाटांमागून वळणे घेत कशीबशी बाहेर पडते. अशा नळीतून भरतेवेळी हवा बाहेर जाऊ शकते, परंतु ताजी हवा आत येत नाही. किमान २५ मिलिमीटरची, जमल्यास ३८ मिलिमीटरची, आखूड, सरळ आणि कोठेही झोळ न पडलेली नळी हवी; दोन नळ्या बोटीच्या दोन बाजूंना काढल्या तर वारा एका बाजूने शिरून दुसरीकडून निघतो आणि टाकीवर साचलेला जड वायू वाहून नेतो. आमच्या बोटीवर तिसऱ्या वर्षी अचानक वास सुरू झाला, तेव्हा आम्ही टाकी धुतली, औषधे घातली, आणि आठवडाभर हैराण झाल्यावर शेवटी व्हेंटचे बाहेरचे तोंड उघडले. आत कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे सुबक घर होते, करंगळीएवढे, वाळून टणक झालेले. ते पेचकसाने काढून नळीतून गोडे पाणी सोडले, आणि दोन दिवसांत वास गेला. त्यानंतर व्हेंटच्या तोंडावर आम्ही गंज न चढणारी जाळी लावली आहे आणि टाकी उपसून झाली की दर वेळी बाहेरून पाण्याची धार मारून नळी मोकळी असल्याची खात्री करतो. टाकी काठोकाठ भरू दिली तर मैला व्हेंटमध्ये चढून वाळतो आणि तेच बूच बनते. शिवाय व्हेंट बंद असताना जोरदार पंपाने टाकी उपसली तर आतला दाब घटून टाकी आत चेपू शकते.

पुष्कळदा दोष टाकीचा नसतोच. भांड्यापासून टाकीपर्यंतची पाइप साध्या प्रतीची असेल, आणि त्यातही तिला मध्येच झोळ पडला असेल, तर झोळात मैला साचून राहतो आणि त्याचा वास पाइपच्या भिंतीतून झिरपून बाहेर येतो. बाहेरून पाइप कितीही पुसली तरी उपयोग होत नाही. याची परीक्षा अगदी सोपी आहे. स्वच्छ फडके कढत पाण्यात बुडवून पिळावे, पाइपभोवती गुंडाळावे, थंड होईपर्यंत तसेच ठेवावे आणि मग दूर नेऊन हुंगावे. फडक्याला वास लागला असेल तर ती पाइप बदलण्यावाचून उपाय नाही. जेथे वळण नाही तेथे कठीण पीव्हीसीची नळी घालावी, कारण तिच्यातून वास झिरपत नाही. वळणावर मात्र खास मैलापाण्यासाठी बनवलेली जाड होजच वापरावी. ३८ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर पाइपमध्ये सुमारे १.१ लिटर पाणी मावते. म्हणजे टाकी भांड्यापासून तीन मीटर दूर असेल तर मैला टाकीत पोहोचण्यासाठी दर वेळी सुमारे साडेतीन लिटर पाणी ढकलावे लागेल, आणि पाणी वाचवण्यासाठी कोणी फ्लशच्या हातपंपाचे दोनच दांडे मारून सोडले तर उरलेले सगळे पाइपमध्येच राहील. म्हणून पाइप आखूड असणे हे औषधांपेक्षा महत्त्वाचे.

समुद्रातल्या बोटीला आणखी दोन दुखणी असतात. फ्लशसाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या नळीत आणि भांड्याच्या कडेखाली सूक्ष्म जीव अडकून मरतात व कुजतात. आठवडाभराने बोटीवर गेल्यावर पहिल्याच फ्लशला जो भपकारा येतो तो यांचा असतो, मैल्याचा नव्हे. बोट सोडून जाण्यापूर्वी भांड्यात गोडे पाणी घालून ते बाहेर काढल्याने हा त्रास संपत नाही, कारण ते ओढणाऱ्या नळीत जातच नाही. त्या नळीलाच गोड्या पाण्याची जोडणी करावी लागते, किंवा फ्लशच पूर्णपणे गोड्या पाण्यावर न्यावा लागतो. दुसरे दुखणे क्षारांचे. लघवी आणि खारे पाणी एकत्र आले की पाइपच्या आत पिवळसर पांढरा थर धरू लागतो. आम्ही जुनी पाइप काढून करवतीने कापली तेव्हा ३८ मिलिमीटरच्या पोकळीत माझे बोट जेमतेम शिरत होते आणि थर चुनखडीसारखा घट्ट होता. आठवड्यातून एकदा भांड्यातून कपभर साधे व्हिनेगर सोडून ते पाइपमध्ये थोडा वेळ राहू द्यावे आणि नंतर भरपूर गोडे पाणी मारावे, म्हणजे थर धरत नाही. रात्रभर मात्र ठेवू नये, रबरी भाग फुगतात. पाइपच्या तोंडाशी चोचीसारखा एक रबरी व्हॉल्व्ह असतो, ज्याला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात, त्यावर हाच थर बसला की तो नीट मिटत नाही आणि पाइपमधले पाणी भांड्यात परत येते. तो स्वस्त भाग आहे. वर्षातून एकदा बदलावा.

आता फिनेलबद्दल. त्या मुलाने जे केले ते आपल्या घराघरांत होते आणि त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण टाकीत जंतुनाशक ओतले की वास न करणारे उपयुक्त जिवाणू मरतात आणि काही दिवसांनी दुर्गंधी अधिक जोमाने परत येते. ब्लीचमुळे शिवाय रबरी व्हॉल्व्ह आणि वॉशर ठिसूळ होतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की भांडे घासण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बोटीवरच्या चार फूट रुंद, खिडकी नसलेल्या शौचालयात तो जीवघेणा ठरू शकतो. फॉर्मल्डिहाइड असलेली निळी सुगंधी द्रावणेही मी टाळतो. ती वास झाकतात, जिवाणू मारतात आणि पुढे शुद्धीकरण केंद्रातल्या जिवाणूंनाही अपाय करतात. घालायचेच असेल तर नायट्रेटयुक्त द्रव्य घालावे, कारण नायट्रेट उपलब्ध असेपर्यंत जिवाणू सल्फेटकडे वळत नाहीत आणि सल्फाइड बनत नाही. आमच्या बोटीवर मात्र सर्वांत जास्त उपयोग झाला तो माशांच्या काचपेटीत बुडबुडे सोडणाऱ्या छोट्या पंपाचा. त्याची नळी टाकीच्या तळाशी सोडली आहे आणि वरच्या व्हेंटमधून हवा बाहेर पडत राहते. बोट वापरात असते तेव्हा पंप अहोरात्र चालू असतो.

हाउसबोटींच्या बाबतीत आणखी एक मूलभूत चूक होते. त्यांवर घरगुती कमोड आणि घरगुती फ्लशची टाकी बसवतात. दहा माणसे, प्रत्येकी दिवसाला सहा वेळा, दर वेळी आठ लिटर, असा हिशोब केला तर एका दिवसात ४८० लिटर होतात. आपण जेटने पाणी वापरतो ते वेगळेच. दोन-तीनशे लिटरची टाकी मग दुपारीच भरते आणि रात्रीची वाट पाहिली जाते. बोटींसाठी बनवलेल्या हातपंपाच्या शौचालयाला दर वेळी एक-दोन लिटर पुरतात, धुण्याचे पाणी धरून तीन लिटर मोजले तरी तीच दहा माणसे दिवसाला १८० लिटरवर थांबतात. पाहुण्यांना पंप मारायला सांगणे कमीपणाचे वाटत असेल तर कमी पाण्यावर चालणारी विजेची शौचालयेही मिळतात.

टाकी उपसणे म्हणजे ती स्वच्छ करणे नव्हे. उपसा झाल्यावर तळाशी गाळ राहतो आणि पुढच्या फेरीतल्या वासाचे बी तोच असतो. म्हणून टाकीच्या एक चतुर्थांश गोडे पाणी भरून बोट थोडी हलू द्यावी आणि पुन्हा उपसावे, असे दोन-तीनदा करावे. पावसाळ्यापूर्वी बोट वर ओढताना तर हे टाळूच नये. आम्ही पहिल्या वर्षी घाईत अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवून गेलो आणि नारळी पौर्णिमेनंतर बोट उघडली, तेव्हा गाळ विटेसारखा बसला होता, गाद्या टाकून द्याव्या लागल्या आणि लाकडाचा वास जायला दिवाळी उजाडली.

त्या वेळी आमच्यातला एक जण टाकीचे झाकण उघडून तोंड आत घालण्याच्या बेतात होता, त्याला मी हात धरून मागे ओढले. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, आणि त्याचे प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस पुढे वाकतो आणि कोसळतो. सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरून दगावलेल्या कामगारांच्या बातम्या आपल्या दैनिकातही छापाव्या लागतात. २०१३ च्या कायद्याने सांडपाण्याच्या वाहिन्या आणि सेप्टिक टँक यांची माणसाच्या हातून धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई केली आहे. बोटीच्या तळघरात शिरून त्या टाकीची सफाई करायला सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सांगणे त्याहून वेगळे कसे मानायचे? त्या मुलाच्या हातात साधे हातमोजेही नव्हते.

जहाजांसाठीचे नियम येथे लागू करता येतील का, असे मला एका परिचिताने विचारले. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टानुसार, जे २७ सप्टेंबर २००३ पासून अमलात आले, मोठ्या जहाजांना साठवलेला कच्चा मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपलीकडे, आणि किमान चार नॉट (ताशी सुमारे सात किलोमीटर) वेगाने चालत असतानाच हळूहळू सोडता येतो. वाहत्या, खोल समुद्रासाठी एवढी काळजी घेतली जाते. आपल्या धरणांच्या जलाशयात काठापासून २२ किलोमीटर दूर जाताच येत नाही आणि पाणी वाहत नाही, त्यामुळे तेथे सोडण्याजोगी जागाच नाही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने असे सोडण्यास मनाईच आहे, आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात जलयानांच्या प्रदूषणाबरोबरच काठावर ते मैलापाणी उतरवून घेण्याच्या सोयीचाही विचार केलेला आहे. पहिल्या कायद्याचा धाक आणि दुसऱ्यातली सोय यांपैकी त्या जेटीवर मला काहीच दिसले नाही.

काही वाचक म्हणतील की पुण्याचे सांडपाणीच मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जात असताना एका बोटीच्या टाकीचे काय घेऊन बसलात. संगम पुलावरून जाताना येणारा वास मीही रोज घेतो आणि त्याची लाज मलाही वाटते. परंतु खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीचे पाणी पुण्याच्या नळाला येते, पवना धरणाचे पिंपरी-चिंचवडला जाते, आणि लहान गावांच्या योजनांना तर शहरासारखे मोठे जलशुद्धीकरण केंद्रही नसते. जॅकवेलपासून शंभर पावलांवर सोडलेला मैला नदीच्या लांबलचक प्रवासात विरळ होत नाही. तो तसाच आत ओढला जातो. जलपर्यटन वाढावे असे मलाही मनापासून वाटते, म्हणूनच ते वाढण्यापूर्वी ही व्यवस्था हवी.

व्यवस्था अवघड नाही. पुण्याच्या आसपासच्या ज्या वसाहतींत मलनिस्सारण वाहिनी नाही, तेथे सेप्टिक टँक उपसणाऱ्या सक्शन गाड्या रोज फिरतात. तीच गाडी ठरलेल्या दिवशी जेटीपर्यंत यावी, बोटीच्या डेकवर ३८ मिलिमीटरचे उपसा-तोंड असावे, गाडीने मैला कोठे नेऊन रिकामा केला याची पावती चालकाकडे राहावी आणि ती पाहिल्यावाचून मुक्कामाच्या बोटीचा परवाना नूतनीकृत होऊ नये. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी खोल्यांतल्या चादरी पाहण्याआधी टाकीची क्षमता, व्हेंटची रुंदी आणि बाहेर सोडणारी झडप पाहावी. अमेरिकेत जेथे मैला सोडण्यास पूर्ण बंदी आहे अशा पाण्यात ही झडप बंद करून तिला कुलूप घालावे लागते, तारेने जखडावी लागते किंवा तिची मूठच काढून ठेवावी लागते. आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागणार नाही, एक कुलूप लागेल.

मुक्कामाहून परतल्यावर मी संबंधित कार्यालयाला हे सर्व लेखी कळवले आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. पावसाळा संपताच त्याच बोटी पुन्हा पाण्यात उतरतील. त्यापूर्वी तपासणी होणार असेल तर मी स्वखर्चाने यायला, पाना-पेचकस घेऊन टाकीपाशी बसायला आणि बोटीवरच्या त्या मुलांना व्हेंट कशी उघडायची, फडक्याची परीक्षा कशी करायची हे दाखवायला तयार आहे. फळीखालची ती तांबडी मूठ कोठे आहे, तेही मला ठाऊक आहे.

आपला,
एक निवृत्त सागरी अभियंता
कोथरूड, पुणे